गेटवर सिक्युरिटी गार्ड म्हणून नवीन लागलायस? नको असलेला माणूस बाहेर कसा काढायचा, हे वाच

भावा, शिरोलीचा कारखाना असो की राजारामपुरीतलं दुकान, पहिलं वाक्य एकच: "पाव्हणं, कुणाकडं काम हाय?" निम्मी भांडणं इथंच मिटतात. नाही मिटलं, तर हातभर अंतर ठेवून थोडं तिरकं उभं राहा, दाराची वाट मोकळी ठेव आणि साक्षीदारासमोर दोनदा सांग: "मालकाच्या वतीनं सांगतोय, बाहेर चला." तरी हलला नाही, तर पोलिसांना 112 वर फोन.

नुसतं आत शिरणं फौजदारी गुन्हा होत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 329 ला गुन्ह्याचा, धमकावण्याचा, अपमानाचा किंवा त्रास देण्याचा हेतू लागतो. तोही गुन्हा जामीनपात्र, म्हणून तेवढ्यावरून खासगी माणसाला अटक करता येत नाही. नवखी पोरं इथंच फसतात: पोलीस येईपर्यंत केबिनला कडी घालतात आणि बेकायदा डांबल्याचं कलम 127 स्वतःवर ओढवून घेतात. जायचं म्हणाला, की जाऊ दे.

बळ गरजेपुरतंच. कॉलर, मान, केस धरू नकोस. उंबऱ्याबाहेर गेल्यावर शेवटचा धक्का तर अजिबात नको, तीच क्लिप फिरते. बाई असेल तर महिला गार्ड बोलव. रजिस्टरात वेळ, साक्षीदार आणि त्याचे शब्द जसेच्या तसे, शिव्यांसकट लिही; "वाद घातला" एवढ्यानं काही सिद्ध होत नाही.