यूकेतल्या नवऱ्याकडे जायचा स्पाउस व्हिसा अडकलाय? आधी तारखा बघ

अगं घाबरू नकोस, 2020 च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा माझापण यूकेचा फॉर्म अर्धवटच राहिला होता, व्हिसा सेंटरं बंद, फोन कोणी उचलेना. पहिलं काम म्हणजे टीबी नसल्याच्या सर्टिफिकेटवरची तारीख बघ. ते सहाच महिने चालतं आणि फॉर्म सबमिट करशील त्या दिवशी चालू असायला हवं. मी फेब्रुवारीत काढलं, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये जपून ठेवलं आणि "सगळं सुरळीत झालं की भरू" म्हणत बसले, तोवर ते बाद. परत एक्स-रे, परत पैसे, वर सदाशिव पेठेत रिक्षा मिळवायची कसरत वेगळीच.

तेव्हा नवऱ्याचा पगार कापला म्हणून लगेच हातपाय गाळायची गरज नव्हती. 2020 मध्ये त्याच्या उत्पन्नाची अट वर्षाला 18,600 पौंडांची होती, पण त्या वर्षी मार्च ते जुलैमध्ये कोविडमुळे उत्पन्न घटलं असेल आणि मार्चच्या आधीचे सहा महिने तो अटीत बसत असेल तर ते आधीचं उत्पन्न धरायचे. पुरावा मात्र कागदावर हवा, कंपनीचं पत्र घे, आणि पेस्लिपचा आकडा बँक स्टेटमेंटशी जुळतोय का ते स्वतः पेन घेऊन बघ, नवऱ्यावर सोडू नकोस.

पासपोर्टवर यूकेत शिरायचा 30 दिवसांचा व्हिसा स्टिकर लागून वाया गेला, तर 2020 मध्ये तो बदलून फुकट मिळत होता, एजंटला त्याचे पैसे द्यायची गरज नव्हती (आमच्या ओळखीतल्या एकीने दिले!). आणि पासपोर्ट हातात आल्याशिवाय तिकीट काढायचं नाही, सासूबाई कितीही मागे लागल्या तरी.