आईला तिच्या बोलीत बोलू दे

प्रिय रात्रपाळी,

पत्राखाली तू हेच नाव घातलंयस म्हणून मी पण तेच लिहिते. मोबाईलवर टाईप केलेलं, रात्री दीड वाजता पाठवलेलं एवढं मोठं पत्र, आणि खाली "अक्का, फार लांबलं, सॉरी". सॉरी कशाला गं. लांबलं ते बरंच झालं, कारण मला जे सापडायचं होतं ते अगदी शेवटच्या ओळीतच सापडलं, त्याकडे येतेच मी.

बाकीच्यांना कळावं म्हणून हिच्या परवानगीने थोडक्यात सांगते. ही ३४ वर्षांची, एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात बिलिंग बघते, राहायला सोलापूरजवळ कुंभारीच्या विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, घरात नवरा, मुलगा आणि आई. घरात तेलुगू, दाराबाहेर मराठी. चार वर्षांपासून एका ऑनलाईन लेखन अॅपवर मराठीत कथा लिहिते. तिची एक मालिका चाललीय, सासूसुनेची, १८६ भाग झालेत आणि रोज रात्री अकराला नवा भाग टाकायचा असा तिचाच नेम. एक दिवस चुकला तर कमेंटमध्ये "ताई कुठे गेलात", दोन दिवस चुकले तर "वाचकांना गृहीत धरू नका". तिथल्याच लेखिकांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, तिथे लिंक टाकायची, सगळ्यांनी एकमेकींचं वाचून पाच स्टार द्यायचे. मुलाला डेंग्यू झाला तेव्हा हिला तीन आठवडे कुणाचंच वाचायला जमलं नाही, तर जिला ही सख्ख्या बहिणीसारखी मानत होती त्या मैत्रिणीने हिच्या कथेवर येणंच बंद केलं. आणि मग मार्चमध्ये हिने आईवर, आईच्या विड्या वळण्यावर एक छोटी कथा लिहिली, जिवाच्या आकांताने लिहिली म्हणते, ती २३ जणांनी वाचली. त्यात एकाने लिहिलं, "आशय चांगला पण आधी मराठी शुद्ध करा." हिचा प्रश्न एका ओळीचा आहे. अक्का, सोडून देऊ का लिहायचं?

नको सोडूस. पण नको सोडूस म्हणून मी उठून जाणार नाही, कारण जे चाललंय ते असंच चालू राहिलं तर वर्षभरात तू आपोआपच सोडशील, आणि तेव्हा मला विचारणार पण नाहीस.

मालिकेचं आधी घेते. तुला तिची लाज वाटायला लागलीय असं दिसतंय, "असलं तसलं लिहिते" असं दोनदा लिहिलंयस. लाज कशाची? मी पहिले चाळीस भाग वाचले, एका बैठकीत वाचले, त्यातली सासू पहाटे उठून सुनेच्या आधी चहा करून ठेवते आणि कुणी केला ते सांगत नाही, तो भाग मला अजून आठवतो. हप्त्याहप्त्याने गोष्ट सांगणं हे काही मोबाईलवाल्यांनी शोधून काढलेलं नाही, हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' सुरू केलं आणि त्यांच्या कादंबऱ्या त्यात क्रमशः येत गेल्या, लोकांनी तशाच वाट बघत वाचल्या. पण बघ, 'करमणूक' साप्ताहिक होतं. आठवड्याला. रोज नाही. आणि हरिभाऊंना दिवसभर टॉवेलची बिलं काढून, भाकरी थापून, मुलाचा अभ्यास घेऊन मग अकराच्या आत भाग टाकायचा नव्हता.

तुझे नव्वदच्या पुढचे भाग मी चाळले. खरं सांगू का, तिथे तू दमलेली दिसतेस. सून कोमात जाते, शुद्धीवर येते, परत जुळी बहीण येते, हे तुला गोष्टीत हवं होतं म्हणून आलेलं नाही, अकरा वाजत आले म्हणून आलंय. वाचणाऱ्या बायकांना ते कळत नाही असं समजू नकोस, त्यांनाही कळतं, पण त्यांना तुझी सवय झालीय आणि तुझ्यावर माया पण बसलीय. त्यातली कुणी हॉस्पिटलात नवऱ्याच्या उशाशी बसून वाचते, कुणी बसस्टॉपवर, तूच लिहिलंयस ना की एका बाईने मेसेज केला होता की दिवसभरात माझ्याशी बोलणारं एवढंच काय ते असतं. अशा वाचकांना मधेच सोडून जायचं नाही. म्हणून मालिका नीट संपव. एक भाग टाकून सरळ सांग की आता दर रविवारी येईन, अजून बारा-पंधरा भाग आहेत, मग गोष्ट पूर्ण होईल. आरडाओरडा होईल, काही जातील. ज्या राहतील त्यांच्यासाठी शेवट मनापासून लिही, ती चहावाली सासू परत आण, ती कुठे हरवली कळलंच नाही मला.

पैशाचं तू संकोचून लिहिलंयस, की अॅपवरून पहिल्यांदा जे थोडे पैसे आले त्यातून आईचा चष्मा केला आणि आता भाग कमी केले तर ते पण कमी होतील. होतील, हे खरंय. तो आकडा घरात लागणारा असेल तर मालिका संपल्यावर दुसरी सुरू कर, त्यात कमीपणा काही नाही, फक्त आधी निम्मी लिहून ठेव आणि मग टाकायला लाग म्हणजे ताप आला तरी हातात दहा भाग शिल्लक असतील.

आता ती मैत्रीण. याच्यावर तू पत्राचं दीड पान घातलंयस, म्हणजे दुखलंय. मी तिला वाईट म्हणणार नाही. ती पण तुझ्यासारखीच रात्री जागून लिहिते, तिला पण आकडा बघायची सवय लागलीय, आणि त्या ग्रुपमध्ये वाचणं हे बिशीसारखं झालंय, तू माझी भर मी तुझी भरते, एखादीने हप्ता चुकवला की तिचं नाव मागे जातं. त्याचा खरा तोटा कमेंट कमी होण्यात नाहीये. तोटा हा की चार वर्षात तुला एकाही बाईने सांगितलं नाही की अगं तुझी सासू नव्वदाव्या भागानंतर हरवली. पाच स्टारच्या भीतीने सगळ्या गप्प. त्या मैत्रिणीला फोन कर, मेसेज नको, फोन. कथेबद्दल बोलूच नकोस पहिल्यांदा, मुलगा आजारी होता ते सांग, तिला कदाचित माहीतच नसेल, तू ग्रुपवर टाकलं नव्हतंस. आणि जमलं तर तिला म्हण की आपण दोघी महिन्यातून एकदा एकमेकींची एकच कथा वाचू आणि कुठे कंटाळा आला तेवढं फक्त सांगू. ती नाही म्हणाली तर दुसरी बघ. एकच मिळाली तरी पुरे.

तुझी जुनी कथा कुणीतरी यूट्यूबवर नाव न घालता वाचून टाकलीय म्हणतेस, त्याचं पटकन सांगते. आपल्याकडे १९५७चा कॉपीराईट कायदा आहे, त्यानुसार कथा लिहिली त्या क्षणी हक्क तुझा होतो, नोंदणी केलीच पाहिजे असं काही नाही. लेखकाचं नाव लागणं हा तर वेगळा हक्क आहे, कलम ५७. यूट्यूबवर कॉपीराईटची तक्रार करायला फॉर्म आहे, फुकट आहे, तुझ्या कथेची लिंक आणि प्रकाशनाची तारीख दे, स्क्रीनशॉट आधी काढून ठेव. वकील वगैरे आत्ता लागत नाही. नोंदणी हवीच असेल तर साहित्यकृतीची सरकारी फी ५०० रुपये आहे, ऑनलाईन अर्ज होतो. हे रविवारी दुपारी बसून करून टाक आणि डोक्यातून काढ.

आता आईची कथा. तू सोबत पाठवलीस, वाचली. त्या शुद्ध मराठीवाल्याने जे लिहिलं ते मला उलटं वाटतंय. तुझी मराठी नको तितकी शुद्ध झालीय त्यात. कथेतली आई म्हणते, "बाळा, कष्टाविना जीवनाला अर्थ नसतो." कोण बोलतं गं असं? विडी घरकुलात बोलतं का कुणी? तुझी आई तुला बाळा म्हणते का बिड्डा म्हणते? कारखान्यातून दमून आलीस की ती "तिन्नावा?" म्हणून विचारत असेल, जेवलीस का, आणि कथेत तू तिच्या तोंडात सदाशिव पेठ घातलीस. मला माहितीये का घातलीस. चार वर्षं कमेंटमध्ये कुणीतरी तुला "न आणि ण बघा", "हे मराठीत नसतं" म्हणत आलंय, आणि तू घाबरून एकेक शब्द पुसत गेलीस, पुसता पुसता आईच पुसली गेली.

न आणि ण नीट कर की, ते शिकण्यासारखं आहे, शिकायलाच पाहिजे. पण बोली म्हणजे चूक नाही. आपल्या गावात शेजारी "काय करलालाव बे" म्हणतो, दुकानदार कानडीत भाव सांगतो, बाजूच्या घरात तेलुगू, मशिदीमागे दखनी, आणि हे सगळं एका रिक्षात ऐकू येतं. सोलापूरच्या पूर्व भागातलेच लक्ष्मीनारायण बोल्ली, घरची भाषा तेलुगू, आणि आयुष्यभर मराठीत कविता लिहिली त्यांनी, या गावाने त्यांना आपला कवी मानलं. तुला कुणाची परवानगी लागणारे? कथा सांगणारी तू, तुझं निवेदन मराठीत ठेव, आईचं बोलणं जसं येतं तसं येऊ दे, दोन तेलुगू शब्द आले तर येऊ देत, वाचणाऱ्याला संदर्भाने कळतात. प्रत्येक शब्दाचा अर्थ समोर लिहीत बसू नकोस, ओझं होतं.

आणि काम कुठेय कथेत? "आई दिवसभर विड्या वळायची" हे एक वाक्य टाकून तू थेट तिच्या अश्रूंवर गेलीस. मी लहानपणी साखर पेठेत मावशीकडे राहिलेय, मला ते काम बघून माहितीये, तुला तर अंगात मुरलेलं असणार. रात्री पानं भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची, सकाळी पत्र्याचा तुकडा पानावर ठेवून कात्रीने कापायचं, मांडीवर सूप, सुपात तंबाखू, चिमूट बरोबर बसली पाहिजे, वळून दोरा मारायचा, टोक दुमडायचं, पंचवीस-पंचवीसची बंडलं, आणि हजार विड्या होईपर्यंत कंबर सरळ करायची नाही. मग कारखान्यात दारात रांग, तिथला माणूस बंडल हातात घेऊन बघतो आणि चांगल्या वळलेल्या विड्या पण बाजूला काढतो, त्याचे पैसे नाहीत. दिवाळीत शेजारच्या घरात फराळाचा वास आणि तुमच्या घरात तंबाखूचा, तू शाळेत बसलीस की बाजूची मुलगी नाक मुरडायची, हे तू पत्रात लिहिलंस, कथेत का नाही लिहिलंस? एका बंडलमधल्या किती विड्या त्या माणसाने काढल्या आणि तेव्हा आईने कुठे बघितलं, एवढं लिहिलं असतंस तर अश्रूंची गरजच नव्हती.

मी विशीत कथा लिहायची. तेव्हा मासिकाला पोस्टाने पाठवायच्या, सोबत आपलाच पत्ता लिहिलेलं तिकीट लावलेलं पाकीट, कारण परत येणारच हे धरूनच चालायचं. सात कथा परत आल्या. आठवी आली तेव्हा संपादकांनी मागे पेन्सिलने लिहिलं होतं, दुसऱ्या पानापासून सुरू करा. एवढंच. मी पहिलं पान काढून टाकलं आणि बघितलं तर कथा खरंच तिथूनच सुरू होत होती. ती ओळ लिहिणाऱ्या माणसाला मी कधी भेटले नाही, पण आज तुला लिहिताना तीच आठवतेय, म्हणून तुझं पान कुठून सुरू होतं ते तुला सांगते.

तुझ्या पत्रात सगळ्यात शेवटी, सहीच्या खाली, ताजा कलम म्हणून तू लिहिलंस, "आईने डोळ्यांमुळे गेल्या वर्षी काम बंद केलं पण अजून टीव्हीसमोर बसली की रिकामं सूप मांडीवर घेते, आम्ही काढून ठेवलं तर हात कुठे ठेवायचे ते तिला कळत नाही."

हे वाचून मी मोबाईल खाली ठेवला आणि थोडा वेळ खिडकीतच उभी राहिले. अगं ही आहे तुझी कथा. ही इथून सुरू होते. त्या २३ जणांनी जे वाचलं ते हिच्या आधीचं पान होतं.

म्हणून मालिका रविवारची केलीस की आठवड्यातले जे चार रात्रीचे तास मोकळे होतील, त्यातले दोन झोपायला दे, तुला झोप पाहिजे, पत्रावरून दिसतंय. बाकीचे दोन आईपाशी बस. कथा तिला वाचून दाखवू नकोस, मराठी पुस्तकी झालं की ती नुसती हो हो करेल. तेलुगूत सांग तिला, तिचीच गोष्ट, जणू दुसऱ्या कुणाची. ती मधेच तोडेल तुला, असं नव्हतं गं, तो माणूस बंडल डाव्या हातात धरायचा, पानं त्या वर्षी वाईट आली होती, असं कायतरी. ती जिथे जिथे तोडेल ते मोबाईलमध्ये टिपून ठेव. तिने सांगितलेलं अॅपवर टाकायचं की नाही ते तिलाच विचार, तिचं आयुष्य आहे, आणि ती नको म्हणाली तर नाव-गाव बदलूनही टाकू नकोस.

कथा परत लिहिलीस की मला पाठव, आकडा कितीही येऊ दे त्याचा, मी वाचते आणि कुठे कंटाळा आला ते सांगते. आणि एक विचारायचं राहिलं, ते सूप तिने कुठून आणलं होतं, लग्नात मिळालेलं का इथे येऊन घेतलेलं, तेवढं विचारून ठेव तिला.

तुझी,
अक्का