लेझर म्हणजे नेमका कोणता, ते आधी विचारा

प्रश्न: आम्ही इंदिरानगरला राहतो. आईचं वय 63, दोन्ही डोळ्यांत काचबिंदू, चार वर्षं झाली दोन प्रकारचे ड्रॉप टाकते पण खरं सांगायचं तर आठवड्यातनं दोन-तीनदा विसरतेच, डोळे लाल होतात ते वेगळंच. आता डॉक्टर लेझर करू म्हणतात. शेजारच्या काकूंनी पण लेझर केलेलं, त्यांचे ड्रॉप काही सुटले नाहीत. मग करायचं कशाला? आणि मोतीबिंदूसोबत स्टेंट टाकतात म्हणे, ते बरं का? तिला दमा पण आहे, पंप घेते.

उत्तर: ताई, काकूंचं लेझर आणि आईचं लेझर एकच असेल असं नाही हो. ओपीडीत रोज हाच घोळ होतो, चष्म्याचा नंबर घालवायचं ते लेझर, मोतीबिंदूनंतर लेन्सच्या मागे धरणारी साय काढायचं ते लेझर, आणि काचबिंदूचे तर आणखी वेगळे.

असं समजा, डोळ्याच्या आत सतत पाणी तयार होतं आणि कोपऱ्यातल्या मोरीतून निघून जातं, ते अडलं की डोळ्यातलं प्रेशर वाढतं. काहींची मोरी उघडी असते पण जाळी तुंबलेली, हा ओपन अँगल. काहींच्या मोरीवर बुबुळाचा रंगीत पडदाच फडक्यासारखा येऊन बसतो, हा क्लोज्ड अँगल. दुसऱ्या प्रकारात याग लेझरने पडद्याला बारीक भोक पाडतात, पाण्याला वाट मिळते आणि पडदा मागे सरकतो, पण त्यानंतरही प्रेशर वरच राहिलं तर ड्रॉप चालूच ठेवावे लागतात. काकूंचं बहुतेक हेच झालं असावं. पहिल्या प्रकारात करतात ते एसएलटी, त्यात भोक वगैरे काही नाही, जाळीतल्या रंगद्रव्याच्या पेशींवर अगदी क्षणभराचे हलके ठोके देतात, शरीर स्वतःच जाळी साफ करायला लागतं. म्हणून डॉक्टरांना पहिलं विचारा, गोनिओस्कोपी केली का आणि अँगल उघडा आहे का. गोनिओस्कोपी म्हणजे डोळ्यावर भिंग टेकवून हा कोपरा बघतात ती तपासणी.

एसएलटीला ॲडमिट व्हायचं नसतं. बधिर करायचा ड्रॉप टाकून मशीनसमोर बसवतात, पाच-दहा मिनिटांचं काम, पट्टी नाही. तासाभराने प्रेशर परत बघतात कारण कधीकधी ते तात्पुरतं वाढतं. त्या दिवशी थोडं धुरकट दिसेल, त्यामुळे सोबत कोणीतरी जा, एकटीला रिक्षात बसवून पाठवू नका! पूर्ण परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, तोवर ड्रॉप आपल्या मनाने बंद करायचे नाहीत.

ड्रॉप सुटतील का? इंग्लंडमध्ये 718 पेशंटवर मोठा अभ्यास झाला, 2019 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात आधी लेझर केलेल्यांपैकी साधारण 74 टक्के लोकांचं प्रेशर तीन वर्षांनंतरही ड्रॉपशिवाय आटोक्यात होतं. तिकडे 2022 पासून बऱ्याच नव्या पेशंटना लेझरच आधी सुचवतात. पण ते सगळे नव्याने निदान झालेले, आई चार वर्षं दोन ड्रॉपवर आहे, तेव्हा एक बाटली कमी झाली तरी मी ते यश मानीन. विसरणाऱ्या माणसाला तर मी लेझर आधी सुचवतो, कारण बाटली शोकेसमध्ये ठेवून प्रेशर उतरत नाही. काही वर्षांनी परिणाम ओसरतो, मग परत करता येतं. गेलेली नजर मात्र ना लेझरने येत ना ऑपरेशनने, जी आहे ती टिकवायची.

स्टेंट म्हणजे जेमतेम 1 मिलिमीटरची टायटॅनियमची नळी, मोतीबिंदूच्याच चिरेतून आत जाऊन जाळीत बसवतात. आपल्याकडे काही सर्जन इंजेक्शनची सुई वाकवून तिनेच जाळी कापतात, खर्च कमी. सौम्य ते मध्यम काचबिंदू आणि ऑपरेशनच्या वेळेला आलेला मोतीबिंदू असेल तर चांगलं जमतं. आईचा मोतीबिंदू पिकायला आला नसेल तर नुसत्या स्टेंटसाठी घाई नको. नजर फार गेली असेल तर अजूनही पाण्याला नवी वाट काढून देणारं जुनं ऑपरेशन, ट्रॅबेक्युलेक्टमीच, लागतं, 1968 पासून चालत आलेलं.

आणि दम्याचं डॉक्टरांना सांगितलंय ना? टिमोलॉल असलेल्या ड्रॉपने दमा वाढू शकतो, कॉम्बिनेशनच्या बाटलीत ते बरेचदा असतं. बाटल्या घेऊन उद्याच दाखवा.

प्रश्न: निफाडजवळ द्राक्षबाग आहे, वय 44. वडिलांचा एक डोळा काचबिंदूनेच गेला. कॅम्पमध्ये माझं प्रेशर 18 आलं, नॉर्मल म्हणाले. फवारणीनंतर डोळे चुरचुरतात म्हणून मेडिकलमधून एक ड्रॉप आणून टाकतो, बरं वाटतं. चालेल ना?

उत्तर: नाही चालणार. लगेच बरं वाटायला लावणाऱ्या त्या बाटलीत बरेचदा स्टेरॉइड असतं, महिनोन्‌महिने टाकलं तर त्यानेच प्रेशर वाढून काचबिंदू होऊ शकतो, त्यात तुमच्या घरात तो आधीच आहे. बाटलीवरचं नाव डॉक्टरांना दाखवा आणि फवारणीला गॉगल घाला. 18 ऐकून निवांत बसू नका, प्रेशर नॉर्मल असूनही काचबिंदूने डोळ्याची नस खराब होऊ शकते. फिल्ड (आजूबाजूचं किती दिसतं ती तपासणी) आणि गोनिओस्कोपी करून घ्या, मग बाहुली मोठी करून नस तपासून घ्या, छाटणीचा हंगाम सुरू व्हायच्या आत. जाताना वडिलांची जुनी फाइल न्या.