गादीला ऊन दिलं, तरी शिंका का?

प्रश्न : मुलगी सहा वर्षांची. सकाळी उठताच सटासट शिंका. गादीला दर रविवारी गच्चीवर ऊन देतो, तरी फरक नाही.
– एक वाचक, वडोदरा

उत्तर : उन्हाने वरवरचे डस्ट माइट (धुळीतले, डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव) मरतात, पण अ‍ॅलर्जी मुख्यतः त्यांच्या विष्ठेतल्या प्रथिनांची, आणि ती कापसातच राहतात. गादी-उशीला घट्ट विणीची, चेनची खोळ घाला. चादरी, अभ्रे दर आठवड्याला ५५-६० अंशांच्या पाण्यात धुवा; कोमट पाण्यात माइट तगतात. टेडी पिशवीत बांधून २४ तास फ्रीझरमध्ये ठेवा, मग धुवा. नुसतं गोठवून विष्ठा जात नाही. रात्री खोकला, छातीत घरघर असेल, तर आधी बालरोगतज्ज्ञांकडे जा. आणि पावसाळ्यात कूलर बंदच. वडोदऱ्याची दमट हवा माइटना तशीही मानवतेच.