पालीचं पोट अन् थंडीचे दिवस

प्रश्न : नमस्कार डॉक्टरसाहेब. पोरगा पुण्याले शिकते, त्यानं दिवाळीत येतानी लेपर्ड गेको नावाची पाल आणली अन् आमच्या भरवशावर ठेवून गेला. सुरुवातीले तिनं थोडं खाल्लं, मंग एका रात्री सगळं अर्धंकच्चं ओकली, अन् आता आठवडा होत आला, शी नाही केली. काचेच्या पेटीत रेती हाय, खायले आम्ही वावरातले नाकतोडे देतो. शेजारचे म्हणतात एरंडेल पाजा. आई तर म्हणते विषारी हाय ते, सोडून दे. काय करावं?
– एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : एरंडेल बिलकुल नको, दूधही नको. आणि आईंना सांगा, तिला विष नसतं. पण पेटीत हात घातला की साबणानं धुवायचा, कारण अशा प्राण्यांच्या शीतून साल्मोनेला जंतू येऊ शकतात, लहान पोरांना जास्त जपा.

आता मुद्द्याचं. तुम्ही एवढं सगळं लिहिलं पण पेटीत ऊब कशाची आहे ते लिहिलंच नाही, म्हणजे बहुतेक नाहीच. या पालीचं अंग स्वतः गरम राहत नाही, खाल्लेलं पचवायला बाहेरून ऊब लागते, ती नसली की किडा पोटात तसाच पडून राहतो, सडतो आणि मग ओकारी. आपल्याकडं कापूस वेचणीच्या दिवसांत रात्री कशा गार पडतात ते तुम्हाला सांगायला नको. पेटीच्या एका बाजूला खालून हीट मॅट (विजेवर तापणारी पातळ चटई) लावा, ऊब ठरल्यापेक्षा वाढू न देणाऱ्या थर्मोस्टॅटसकट, नाहीतर पोट भाजेल. तिथली जमीन 31 ते 33 अंश, दुसरी बाजू 24 ते 26, म्हणजे तिला पाहिजे तिकडं ती जाईल. लाइन गेली तर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवा. शेगडी जवळ ठेवू नका, धूर सोसत नाही तिला.

रेती आजच काढा, दुकानदार काहीही सांगो. किड्यासोबत ती पोटात जाते आणि आतडं तुंबतं. खाली साधा टिशू पेपर टाका, शी झाली की लगेच दिसते: तपकिरी भाग आणि बाजूला पांढरा खडा, तो पांढरा म्हणजे तिची लघवी, घाबरायचं नाही.

वावरातले नाकतोडे बंद. कपाशीवर आपण काय काय फवारतो! 2017 साली आपल्याच जिल्ह्यात फवारणी करताना माणसं दगावली, मग वीतभर पालीचं काय घेऊन बसलात. पाळलेले क्रिकेट म्हणजे रातकिडे किंवा डुबिया झुरळं मागवा, तिच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा किडा नको, वर कॅल्शियमची पावडर. पण हे नंतर. ओकल्यावर निदान तीन-चार दिवस खायला काहीच देऊ नका, फक्त पाण्याची वाटी ठेवा. शेपटी जाड आहे ना, त्यात तिची चरबी साठलेली असते, तब्येतीनं बरी असेल तर तेवढ्यात काही होत नाही. शिवाय नव्या घरात आली की पहिले एक-दोन आठवडे नीट खात नाहीच, त्यात सारखं हातात घेऊन पाहत असाल तर अजूनच.

शीसाठी : उथळ डब्यात बोटाला कोमट लागेल एवढं पाणी, तिच्या पोटापर्यंत, त्यात पंधरा-वीस मिनिटं ठेवा, समोरून हलू नका. मग पारदर्शक डब्यात ठेवून खालून पाहा. पोट फुगलेलं, आत काळपट निळा गोळा दिसला किंवा परत ओकली, तर घरी थांबू नका, नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात घेऊन जा. शेपटी बारीक होत चालली आणि शी पातळ, घाण वासाची असेल तरी तेच, क्रिप्टो नावाचा परजीवी असू शकतो.

तालुक्याच्या पशुदवाखान्यात पाल पाहून हसतील कदाचित, पण शेण तपासतात तशी शीही मायक्रोस्कोपखाली पाहता येते, जंताची अंडी दिसतात. नमुना ताजा, झाकणाच्या डबीत न्या, वाळलेला नको.

आणि पोराला विचारा, रानातून धरलेली तर नाही ना? आपल्या सातपुड्यात तिची चुलत जात आहे, 2014 साली तिला वेगळी जात म्हणून नाव मिळालं. तशी असेल तर आधी वनविभागाला फोन.