नॉर्वेतल्या ट्रॉम्सो शहरात वर्षभर तापमान किती असतं? मुलगी शिकायला जातेय, उणे चाळीसची तयारी करावी लागेल का?

उणे चाळीसची तयारी मुळीच नको. मी सात वर्षं ट्रॉम्सोत राहतोय आणि या काळात उणे वीससुद्धा कधी पाहिलेलं नाही. इथल्या मुख्य हवामान केंद्राच्या नोंदींमधलं सर्वांत कमी तापमान उणे १८.४ अंश, तेही १९६६ च्या फेब्रुवारीतलं. जानेवारीची सरासरी उणे तीन-चारच्या घरात असते. तुमची मुलगी ऑगस्टमध्ये येईल तेव्हा दहा-बारा अंश आणि बहुधा पाऊस असेल.

नकाशावर ट्रॉम्सो उत्तर ध्रुववृत्ताच्याही साडेतीनशे किलोमीटर वर, ६९.६ अक्षांशावर दिसतं, म्हणून तुमची भीती समजते. पण अक्षांशावरून फक्त उजेडाचा अंदाज येतो, थंडी समुद्र ठरवतो. अटलांटिकचं उबदार पाणी नॉर्वेच्या किनाऱ्याला लागून थेट इथवर वर चढतं. ऐन हिवाळ्यातही बंदर गोठत नाही, मासेमारीच्या बोटी चालू असतात. समुद्रापासून लांब गेलात की काय होतं तेही बघा. कारास्योक हे गाव जवळजवळ याच अक्षांशावर आहे, सरळ रेषेत जेमतेम अडीचशे किलोमीटर पूर्वेला, पण आत, जमिनीवर. तिथे १८८६ च्या १ जानेवारीला उणे ५१.४ अंशांची नोंद झाली. नॉर्वेतला तो आजही नीचांक आहे. उणे चाळीसचे जे आकडे तुम्ही वाचले असतील, ते अशा आतल्या गावांचे.

म्हणून इथे आम्ही सकाळी आकड्याच्या आधी वारा बघतो. आग्नेयेकडून, म्हणजे जमिनीवरून वारा आला की कोरडी थंडी, निरभ्र आकाश आणि रात्री अरोरा, म्हणजे आकाशातले हिरवे ध्रुवीय प्रकाश, दिसायची आशा. पश्चिमेकडून आला की ढग, पारा शून्यावर, आणि बर्फ पडेल की पाऊस याचा नेम नाही. वर्षाकाठी हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी पडतं, पुण्यापेक्षा जास्तच, आणि ते चार महिन्यांत नव्हे, बाराही महिने. ऑक्टोबर सगळ्यात ओला.

माझ्या मते इथलं खरं अवघड तापमान उणे पंधरा नव्हे, अधिक एक. उणे पंधराला बर्फ कोरडा असतो, पायाखाली करकरतो, चालायला छान पकड मिळते. अधिक एकला त्याच बर्फावर पाऊस पडतो, रात्री पुन्हा गोठतं आणि सकाळी रस्त्यावर काचेसारखा थर तयार असतो. त्याला इथे ‘होल्के’ म्हणतात. माझ्या पहिल्याच जानेवारीत घराच्या दारापासून दहा पावलांवर मी घसरलो आणि डावं मनगट मोडलं. पालिका फूटपाथवर बारीक खडी टाकते, पण गावच चढ-उतारांचं आहे. म्हणून पहिल्या पैशांतून तिला ‘ब्रॉडर’ घ्यायला सांगा. बुटाला खालून चढवायची रबरी जाळी, तिला लोखंडी दाते असतात. सुपरमार्केटातही मिळते. इथल्या आज्याही ती चढवल्याशिवाय बाहेर पडत नाहीत, त्यामुळे लाजायचं काही कारण नाही.

आता उजेड. साधारण २७ नोव्हेंबर ते १५ जानेवारी सूर्य क्षितिजावर येतच नाही. हा ‘मोर्केतीद’, काळोखाचा काळ. पण चोवीस तास मिट्ट अंधार नसतो. दुपारी काही तास सगळं निळं होतं: बर्फ, डोंगर, घरांच्या भिंती. दक्षिणेला फिकट गुलाबी पट्टा दिसतो. सूर्य हिशेबाने येतो तो नेमका आपल्या संक्रांतीच्या सुमारास, पण समोरच्या डोंगरांमुळे गावात दिसतो तो २१ जानेवारीच्या आसपास. त्या दिवशी मुलांना घेऊन लोक उंचावर जातात आणि ‘सूलबोल्ले’ खातात, म्हणजे आत जॅम भरलेला गोल तळलेला पाव. पहिल्या वर्षी ढगांमुळे मला सूर्य दिसला नाही. दोन दिवसांनी बसच्या खिडकीतून एकदम डोळ्यांवर ऊन आलं आणि मला रडू फुटलं. काळोख अंगावर येतो, हे तिला आधीच सांगून ठेवा. झोप बिघडते, मरगळ येते. ड जीवनसत्त्व डॉक्टरांना विचारून सुरू करा. इथले लोक कॉड माशाच्या यकृताचं तेल घेतात, ती शाकाहारी असेल तर गोळ्या. आणि दुपारच्या निळ्या उजेडात रोज बाहेर पडायचंच, हा नियम करायला सांगा.

बर्फ सगळ्यात जास्त साचतो तो मार्च-एप्रिलमध्ये, हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही. १९९७ च्या २९ एप्रिलला इथे २ मीटर ४० सेंटिमीटर जाडीचा थर मोजला होता. मेमध्ये तो वितळतो, खडीची धूळ उडते, आणि जूनच्या तोंडावर बर्चला एकदम पालवी फुटते. साधारण २० मे ते २२ जुलै सूर्य मावळत नाही. जुलैची सरासरी १२ अंश. चांगला दिवस वीसच्या वर जातो, वाईट दिवशी आठ अंश आणि पाऊस.

अलीकडे ऐन हिवाळ्यात पाऊस पडून बर्फावर कडक थर धरल्याचं ऐकलं की मला सामी लोकांच्या, म्हणजे इथल्या उत्तरेकडच्या मूळ रहिवाशांच्या, रेनडिअरची काळजी वाटते. खुराने खणून खालचं दगडफूल (लायकेन) खायचं तर तो थर फुटत नाही, आणि कळप उपाशी राहतात. आर्क्टिक जगाच्या सरासरीपेक्षा कितीतरी वेगाने तापतंय, ते आमच्यापर्यंत असं पोचतं.

सामानाचं म्हणाल तर भारतातून जाड जॅकेट आणू नका. आतून लोकरीचे कपडे आणि वरून पाणी-वारा अडवणारं जॅकेट लागतं, दोन्ही इथे वापरलेली स्वस्तात मिळतात. उन्हाळ्यातल्या रात्रींसाठी डोळ्यांवर बांधायची पट्टी द्या. आणि घडी होणारा एक आकाशकंदील बॅगेत जरूर टाका. डिसेंबरात इथे घरोघरी खिडकीत कागदाचा दिवा लावलेला तारा असतो. तिच्या खिडकीत तो कंदील शोभेल.