दोन क्लब एकत्र येताना: संघातील जागेविषयी एका खेळाडूस पत्र

प्रिय मुली,

सप्रेम आशीर्वाद.

तुझा क्लब आणि शेजारच्या गावाचा क्लब पुढच्या हंगामापासून एकत्र येणार आहेत, तुझ्या वयोगटाचे दोन सामाईक संघ होणार आहेत, आणि पहिल्या संघात आपले नाव लागेल की नाही या काळजीने तुझे अभ्यासातही लक्ष नाही, असे आईने कळवले. न्यू जर्सीत मुलींना सॉकर शिकवताना अशा युती मी जवळून पाहिल्या आहेत, म्हणून मनापासून आणि जरा सविस्तर लिहितो. पत्र आई-बाबांबरोबर बसून वाच, कारण यातील काही कामे त्यांची आहेत.

क्लब असे का करतात हे आधी समजून घे. मुलींच्या सॉकरमधील ईसीएनएल ही राष्ट्रीय लीग २००९ मध्ये ४० क्लबांनिशी सुरू झाली आणि आज कॉलेजचे प्रशिक्षक खेळाडू पाहायला जिथे आवर्जून जातात त्यांत तिचे नाव वरचे आहे. पण तिच्यात प्रवेश क्लबला मिळतो, एकट्या खेळाडूला नव्हे. एप्रिल २०२० मध्ये यू. एस. सॉकर महासंघाने आपली डेव्हलपमेंट अकॅडमी ही युवा खेळाडूंची लीग अचानक बंद केली, तेव्हा अनेक क्लबांना नवी लीग शोधावी लागली आणि मुलींसाठी त्याच वर्षी गर्ल्स अकॅडमी ही नवी लीग उभी राहिली. अशा लीगमध्ये ज्या लहान क्लबाला जागा नसते, त्याच्या चांगल्या मुली तेराव्या-चौदाव्या वर्षी मोठ्या क्लबाकडे निघून जातात आणि मागे राहिलेला संघ विस्कटतो. दोन लहान क्लबांनी हातमिळवणी केली तर निदान त्या मुलींना घराजवळ वरच्या दर्जाचा खेळ मिळतो. हे कारण मला प्रामाणिक वाटते. मात्र त्याची किंमत मधल्या दर्जाच्या मुली मोजतात, आणि ती गोष्ट क्लबांनी पालकांना आधीच स्पष्ट सांगायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

आता हिशेब पाहू. तुझ्या वयात अकरा-अकरांचा खेळ असतो. काही संघ २२ मुलींचीही नोंदणी करतात, पण सामन्याच्या दिवशी साधारणपणे १८ जणींनाच गणवेश मिळतो. दोन्ही क्लबांत अठरा-अठरा मुली धरल्या, तर ३६ जणी आणि पहिल्या संघात जागा १८. दोन घरांची पंगत एकत्र बसावी आणि पाने मात्र एकाच घराची मांडलेली असावीत, तसे हे आहे. परंतु या सगळ्याच जणी तुझ्या प्रतिस्पर्धी आहेत हा समज मनातून काढून टाक. तू डाव्या बाजूची फुलबॅक, म्हणजे कडेने बचाव करणारी खेळाडू आहेस. त्या जागेवर सहजपणे खेळणाऱ्या, त्यातही डाव्या पायाने दूरचा पास अचूक देणाऱ्या मुली दोन्ही क्लबांत मिळून तीन-चार असतील. खरी अडचण गोलरक्षकांची होते, कारण दोन क्लबांच्या चार गोलरक्षकांमधून पहिल्या संघात दोघींनाच घेतात आणि सामन्यात बहुधा एकच उभी राहते. तुझी मैत्रीण गोलरक्षक आहे, तेव्हा तिची चिंता तुझ्यापेक्षा मोठी आहे, हे ध्यानात ठेवून तिच्याशी बोल.

या वर्षी आणखी एक बदल आहे आणि तो तुझ्या बाजूचा आहे. आतापर्यंत वयोगट १ जानेवारी ते ३१ डिसेंबर या जन्मवर्षाने ठरत असत. २०२६-२७ च्या हंगामापासून बहुतेक लीगमध्ये १ ऑगस्ट ते ३१ जुलै हा काळ धरला जाणार आहे, जेणेकरून मुले आपल्या शाळेच्या इयत्तेबरोबर खेळतील. तुझा जन्म नोव्हेंबरचा. इतकी वर्षे तू संघातील सर्वांत लहान मुलींपैकी होतीस आणि उंच, दहा-दहा महिन्यांनी मोठ्या मुलींपुढे तुला झगडावे लागले. आता जानेवारी ते जुलैमध्ये जन्मलेल्या तुझ्या जुन्या सहकारी वरच्या गटात जातील आणि तू तुझ्या गटातील मोठ्यांमध्ये गणली जाशील. गटात वयाने मोठ्या असलेल्या मुलांना निवडीत झुकते माप मिळते, हे अनेक देशांतील अभ्यासांत दिसून आले आहे. हा फायदा तुला मिळेल, पण त्यावर विसंबू नकोस. उंचीतला फरक दोन-तीन वर्षांत भरून निघतो आणि पहिल्या स्पर्शावर चेंडू ताब्यात घेण्याचे कसब तेवढे उरते. जुन्या मैत्रिणींपासून दुरावण्याचे दुःख मात्र खरे आहे, ते लपवायचे कारण नाही.

ट्रायआउटबद्दल, म्हणजे निवड चाचणीबद्दल, एक गोष्ट मी फार कळकळीने सांगतो. संयुक्त ट्रायआउटच्या पहिल्या दिवशी मुली नकळत आपल्याच क्लबच्या मुलीकडे चेंडू देतात, आणि मोकळी उभी असलेली दुसऱ्या क्लबची मुलगी हात वर करून ताटकळत राहते. मैदानाबाहेर उभ्या असलेल्या प्रशिक्षकांना हे लगेच दिसते, कारण ते नेमके तेच पाहायला आलेले असतात: या दोन गटांतून एक संघ कोणाच्या साहाय्याने बांधता येईल? म्हणून सराव सुरू होण्यापूर्वी तुझ्या बाजूला खेळणाऱ्या विंगरचे (कडेने चढाई करणारीचे) आणि सेंटर बॅकचे (मधल्या बचावपटूचे) नाव विचारून घे, मैदानात त्यांना नावाने हाक मार, आणि योग्य जागी असलेल्या मुलीला पास दे, ती कोणत्याही क्लबची असो. चूक झाली तर मान खाली घालून उभी राहू नकोस. चेंडू गमावल्यानंतरच्या पहिल्या पाच पावलांवर फुलबॅकची पारख होते. तुझ्याच जागेसाठी आलेल्या मुलीविषयी मनात आकस धरू नकोस. पुढच्या वर्षी एक जण जखमी झाली की दुसरी तिच्या जागी उभी राहील, आणि त्या वेळी दोघींना एकमेकींचा खेळ माहीत असलेला बरा.

आता सर्वांत महत्त्वाचे. तुझ्या वयोगटाचा सामना साधारण ७० मिनिटांचा असतो. गोलरक्षक वगळता दहा जागांची मिळून ७०० मिनिटे होतात. अठरा जणींत दोन गोलरक्षक धरले तर ती १६ मुलींत वाटायची, म्हणजे सरासरी प्रत्येकीच्या वाट्याला ४४ मिनिटेही येत नाहीत. सरासरीप्रमाणे वाटप कुठेच होत नाही, त्यामुळे यादीतील शेवटच्या तीन-चार मुलींना दहा-पंधरा मिनिटे मिळतात. त्यात वरच्या अनेक लीगमध्ये बाहेर काढलेल्या खेळाडूला त्याच अर्धात परत आत येता येत नाही. चौदाव्या वर्षी बाकावर बसून मिळालेला मोठ्या लीगचा बिल्ला आणि दुसऱ्या संघात दर आठवड्याला खेळलेली साठ मिनिटे, यांत निवड करायची झाली तर मी तुला साठ मिनिटे घे असे सांगेन. याला एक अपवाद आहे. पहिल्या संघाचा प्रशिक्षक तुला डाव्या बाजूची दुसरी खेळाडू म्हणून घेत असेल, सरावात पूर्ण सहभाग आणि काही सामन्यांत दुसऱ्या संघाकडून खेळण्याची मोकळीक देत असेल, तर ती जागा जरूर स्वीकार. वेगवान मुलींबरोबरचा सराव फार शिकवतो.

म्हणून निकाल आल्यावर प्रशिक्षकाला तू स्वतः भेट. आई-बाबांनी शेजारी उभे राहावे, पण बोलावे तू. माझी जागा कोणती समजता, त्या जागेवर आणखी कोण आहे, दुसऱ्या संघातून हंगामाच्या मध्यात वर बोलावतात का आणि वर्षभरात मी काय सुधारावे, एवढे विचार. मला का घेतले नाही, किंवा अमकीला का घेतले, हे विचारू नकोस. प्रामाणिक प्रशिक्षक पहिल्या प्रश्नांना नेमके उत्तर देतो, आणि उत्तर गुळमुळीत आले तर त्यावरूनही तुम्हाला बरेच कळेल.

कॉलेजची घाई घरात कोणी करू नये. कॉलेजच्या खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेच्या डिव्हिजन वन या सर्वांत वरच्या गटातील प्रशिक्षक मुलींशी थेट संपर्क दहावीच्या वर्षानंतर १५ जूनपासूनच साधू शकतात. तुला अजून त्याला बराच अवकाश आहे आणि तोवर हे संघ दोन-तीनदा तरी नव्याने निवडले जातील.

आई-बाबांसाठी थोडेसे. क्लबाकडून जागेचा प्रस्ताव आला की उत्तराला बहुधा एक-दोन दिवसच देतात, आणि अनामत रक्कम एकदा भरली की ती सहसा परत मिळत नाही. त्यामुळे ट्रायआउटपूर्वीच वर्षाची फी, प्रवासाचा आणि स्पर्धांचा वेगळा खर्च, आणि सराव कोणत्या क्लबाच्या मैदानावर होणार हे लेखी मागून घ्या. युतीत बरेचदा आठवड्यातील काही सराव दुसऱ्या गावात होतात, आणि संध्याकाळच्या रहदारीत तो रस्ता दुप्पट वेळ घेतो. दोन्ही मैदानांची अंतरे व सरावाच्या वेळा लिहून ठेवा आणि रविवारी दुपारी फोन करा, म्हणजे शाळेच्या वेळापत्रकाशी त्या ताडून पाहता येतील.

तुझा,
काका